सोन्याच्या धातुकातले सूक्ष्म घटक एक्सआरएफवर कसे मोजायचे

सोन्याचं धातुक हातात आलं की एक्सआरएफकडून (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखून त्यांचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्राकडून) सर्वांत आधी सोन्याचाच आकडा मागावासा वाटतो. तो मागू नका. निदान सुरुवातीला तरी नको. हे यंत्र सोन्याच्या साथीदारांबद्दल फार चांगलं सांगतं आणि सोन्याबद्दल फार कमी. हे एकदा पक्कं समजलं की पुढच्या प्रत्येक पायरीला अर्थ येतो.

आधी थोडा हिशेब करू. धातुकात टनामागे १ ग्रॅम सोनं म्हणजे १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), आणि एवढ्याशा प्रमाणावर अनेक उघड्या खाणी चालतात. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राची सोन्यासाठीची शोधमर्यादा (ज्याखाली ते खात्रीनं दिसत नाही ते प्रमाण) स्वच्छ गारगोटीतसुद्धा काही पीपीएमच्या घरात असते. आर्सेनिक, जस्त किंवा टंगस्टन सोबत असेल तर ती आणखी वर जाते. त्यातून सोनं पिठासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, ते कणांत असतं. ७५ मायक्रॉन व्यासाच्या सोन्याच्या एका गोल कणाचं वजन साधारण ४ मायक्रोग्रॅम भरतं. १ पीपीएम धातुकाच्या ४ ग्रॅम पुडीत एकूण सोनंही तेवढंच असतं, ४ मायक्रोग्रॅम. म्हणजे अख्ख्या पेलेटमध्ये (पूड दाबून केलेल्या वडीत) एखादाच कण! तो पृष्ठभागाजवळ आला तर यंत्र भरमसाट आकडा दाखवेल, खाली दबला तर काहीच दाखवणार नाही. दोन्ही उत्तरं चुकीचीच.

म्हणून सोन्यासाठी ‘फायर असे’ ही भट्टीतली चाचणी. त्यात ३० किंवा ५० ग्रॅम पूड शिशाच्या ऑक्साइडसोबत वितळवून सोनं शिशात गोळा करतात. एक्सआरएफच्या ८ मिलिमीटरच्या डागाखालून प्रत्यक्ष मोजली जाते ती पूड असते जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या आसपास. या दोन आकड्यांतली दरी कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. सोन्यासाठी एक्सआरएफ वापरायचंच असेल तर मोठ्या नमुन्यातलं सोनं आधी द्रावणात उतरवून सक्रिय कार्बनवर गोळा करायचं आणि मग तो कार्बन मोजायचा, असा मार्ग आहे. पण ते वेगळं तंत्र आहे, आज त्यात शिरत नाही.

मग मोजायचं काय? आर्सेनिक, अँटिमनी, शिसं, जस्त, तांबं, टंगस्टन, बिस्मथ आणि गंधक. आर्सेनोपायराइट (लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज) आणि आर्सेनिकयुक्त पायराइट (लोखंड आणि गंधक यांचं) ही सोन्याची नेहमीची घरं. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातल्या कार्लिन प्रकारच्या साठ्यांत सोनं इतकं बारीक असतं की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही, पण आर्सेनिक, अँटिमनी, पारा आणि थॅलियम त्याचा माग दाखवतात. काही शिरांमध्ये शीलाइट, म्हणजे टंगस्टनचं खनिज, सोन्याच्या बरोबरीनं येतं. यांतलं आर्सेनिक तर चांगल्या यंत्रावर काही पीपीएमपासून दिसतं. यांना पाथफाइंडर म्हणतात. शिवाय टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांचं गुणोत्तर मूळ खडक ओळखायला मदत करतं. खडकात कितीही रासायनिक बदल झाले तरी हे दोघं सहसा जागा सोडत नाहीत. नवशिके याकडे बघतच नाहीत, खरं तर ही माहिती आयती मिळत असते.

यंत्र नेमकं काय पाहतं

नळीतून निघालेला क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपानं बाहेर पडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. अणुक्रमांकाशी तिचं नातं हेन्री मोझली यानं १९१३ मध्ये दाखवून दिलं. लोखंडाची मुख्य रेषा ६.४० केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), तांब्याची ८.०५ला, आर्सेनिकची १०.५४ला. डिटेक्टर या ऊर्जा मोजून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख, काढतो आणि शिखराच्या उंचीवरून सॉफ्टवेअर प्रमाण ठरवतं.

एक गोष्ट मात्र मनात कोरून ठेवा: हे किरण खोलवरून येत नाहीत. सिलिकेट खडकात आर्सेनिकची माहिती अर्धा ते एक मिलिमीटर खोलीतूनच येते, सिलिकॉनची तर वीसेक मायक्रॉनच्या थरातून. त्यामुळे पृष्ठभाग म्हणजेच नमुना. पृष्ठभाग खोटा असेल तर निकालही खोटा.

वाळवणं, फोडणं, दळणं

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नका.

नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पारा मोजायचा असेल तर तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर तो उडून जाईल. ओल्या नमुन्यात २० टक्के पाणी असेल तर निव्वळ पाण्याच्या वजनामुळेच सगळे आकडे पाचव्या हिश्शानं कमी येतात, आणि हलक्या मूलद्रव्यांचे त्याहूनही जास्त.

मग जॉ क्रशरमधून सगळा नमुना साधारण २ मिलिमीटरपर्यंत फोडा. सगळा, हाताला आले ते चार तुकडे नव्हे. त्यानंतर रिफल स्प्लिटरनं भाग पाडत पाडत दोनशे-अडीचशे ग्रॅमवर या. ढिगातून चमच्यानं उचलू नका. जड सल्फाइडचे (गंधकयुक्त धातुखनिजांचे) कण खाली आणि कडेला जातात, चमच्यात हलकी गारगोटी येते.

दळण्याचं लक्ष्य असं ठेवा की किमान ८५ ते ९० टक्के पूड ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी. तीही प्रत्यक्ष चाळून पाहा. बोटांत चोळून मऊ लागते म्हणून झालं, असं धरू नका. जाड कणांमुळे आर्सेनोपायराइटचा एखादा मोठा दाणा किरणांखाली आला की आर्सेनिक उगाचच फुगतं.

आता भांड्याचा प्रश्न, आणि तो सोन्याच्या कामात फार नाजूक आहे. बऱ्याच दळणयंत्रांत टंगस्टन कार्बाइडचं भांडं असतं. कठीण गारगोटी त्यात दळली की भांडं झिजतं आणि पुडीत टंगस्टन उतरतं, तेही कधी शेकडो पीपीएम. सोबत थोडा कोबाल्टही येतो, कारण कार्बाइडचे कण तोच बांधून ठेवतो. टंगस्टनची एक रेषा ९.६७ केईव्हीला आहे आणि सोन्याची मुख्य रेषा ९.७१ला. फरक फक्त ४० इलेक्ट्रॉनव्होल्टचा. या भागात साध्या एक्सआरएफचं विभेदन, म्हणजे दोन शिखरं वेगळी दिसायला लागणारं अंतर, दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असतं, म्हणजे दोन्ही शिखरं एकात एक मिसळतात. परिणाम असा की वांझ गारगोटी टंगस्टन कार्बाइडमध्ये दळायची आणि पडद्यावर सोनं पाहायचं! त्यातून तुम्ही टंगस्टनच पाथफाइंडर म्हणून मोजणार असाल तर सगळंच मुसळ केरात. या कामासाठी क्रोम स्टीलचं भांडं घ्या, लोखंड आणि क्रोमियमची थोडी भर पडेल हे मान्य करून. अॅगेटचं भांडं सर्वांत स्वच्छ, पण हळू.

दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध गारगोटीची वाळू दळून टाका आणि भांडं ब्रश, मग दाबाच्या हवेनं साफ करा. सोनं मऊ असतं. ते दळलं जात नाही, चपटं होऊन भांड्याच्या भिंतीला चिकटतं आणि पुढच्या नमुन्यात उतरतं.

कप, पेलेट की बीड

पटकन छाननी करायची असेल तर पूड प्लास्टिकच्या कपात भरा, तोंडाला पातळ पॉलिप्रॉपिलिनची फिल्म लावा आणि खाली हलकेच आपटून पूड बसवा. फिल्मवर सुरकुती नको, पुडीत पोकळी नको. कप किमान दीड सेंटिमीटर तरी भरलेला असू द्या, कारण अँटिमनीची २६.३६ केईव्हीची रेषा सैल पुडीत बरीच खोलवरून येते. फिल्मचा नवा रीळ उघडलात की रिकाम्या कपावर ती लावून एक स्पेक्ट्रम घ्या. फिल्ममध्येच कॅल्शियम किंवा जस्त निघालं तर ते आधी कळलेलं बरं. नमुन्याच्या प्लास्टिक पिशवीतूनच मोजायची सवय मात्र लावून घेऊ नका.

नेमक्या कामासाठी पेलेट बनवा. पुडीत ठरावीक प्रमाणात मेणाची पूड मिसळा, दहा ते पंचवीस टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालेल, पण जे प्रमाण ठरवाल ते सगळ्या नमुन्यांना आणि सगळ्या मानक नमुन्यांना तंतोतंत तेच. दर वेळी तराजूवर मोजा. ३२ किंवा ४० मिलिमीटरच्या साच्यात १५ ते २० टन दाब द्या, मिनिटभर धरा आणि दाब हळूहळू सोडा. झटकन सोडला तर आत अडकलेली हवा पेलेट फोडते. पेलेटचं वजनही सारखं ठेवा. ४ ग्रॅमच्या ३२ मिलिमीटर पेलेटची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. आर्सेनिकला ती पुरते, अँटिमनी आणि चांदीला पुरत नाही. तिथे जाडी बदलली की आकडाही बदलतो.

वितळवून काचेचं बीड बनवायची पद्धत मुख्य घटकांसाठी उत्तम आहे, पण सोन्याच्या धातुकातल्या सूक्ष्म घटकांसाठी मी ती टाळतो. लिथियम बोरेटसोबत १००० ते ११०० अंशांना वितळवताना आर्सेनिक, पारा आणि गंधक उडून जाऊ शकतात, मिश्रण पाच-दहा पट पातळ होतं, आणि नीट ऑक्सिडाइझ न झालेलं सल्फाइड, आर्सेनिक किंवा शिसं प्लॅटिनमच्या मुशीलाच खातं. मूस फुटली तर फार मोठं नुकसान.

सुरक्षा

नमुना कधीही हातात धरून मोजू नका. झाकणाचा स्टँड असेल तर तोच वापरा, झाकण उघडं असताना नळी चालू होऊ देऊ नका, यंत्राचं तोंड कुणाकडे वळवू नका. डोसिमीटर बिल्ला लावा. आपल्या देशातल्या किरणोत्सर्ग नियामकाची नोंदणी आणि प्रशिक्षण पूर्ण असल्याशिवाय यंत्राला हात नको. धुळीकडेही तितकंच लक्ष द्या. गारगोटीची आणि आर्सेनिकची धूळ रोज थोडी थोडी शरीरात जाते, म्हणून मास्क आणि हवा ओढून नेणारी व्यवस्था दळायच्या जागी हवीच.

यंत्राची तयारी

आधी नळीचा अॅनोड (ज्यावर इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात तो भाग) कोणत्या धातूचा आहे ते पाहा. अॅनोडच्या स्वतःच्या रेषा नमुन्यावरून विखुरून डिटेक्टरमध्ये येतात. चांदीचा अॅनोड असलेल्या यंत्रावर अत्यल्प चांदी मोजायची आशा धरू नका, आणि अॅनोड सोन्याचा किंवा टंगस्टनचा असेल तर सोन्याचा विषयच सोडा. ऱ्होडियमचा अॅनोड या कामाला बरा.

व्होल्टेज मूलद्रव्यानुसार ठरतं. अँटिमनीचा आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ३०.५ केईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून तिथे ५० किलोव्होल्ट आणि जाड फिल्टर. आर्सेनिक, शिसं, जस्त, टंगस्टन यांना ४० किलोव्होल्ट आणि मध्यम फिल्टर. गंधक, सिलिकॉन, पोटॅशियम यांना १५च्या आसपास, फिल्टरशिवाय.

वेळ किती द्यायचा? समजा आर्सेनिकच्या जागी पार्श्वभूमी सेकंदाला ४० काउंट आहे आणि प्रत्येक पीपीएमला सेकंदाला २ काउंट मिळतात. ६० सेकंद मोजलं तर शोधमर्यादा ३ × √(४०÷६०) ÷ २, म्हणजे साधारण १.२ पीपीएम. २४० सेकंद मोजलं तर ०.६. चौपट वेळ दिल्यावर मर्यादा अर्धी होते. छाननीला ६० सेकंद पुरतात. महत्त्वाच्या नमुन्यांना दोन-तीन मिनिटं द्या, त्यापुढे मात्र वेळ वाढवण्यापेक्षा पुडीचे दोन वेगळे भाग मोजणं जास्त फायद्याचं.

मोड निवडतानाही सावध राहा. माती तपासायचा मोड विखुरलेल्या किरणांच्या, म्हणजे कॉम्पटन शिखराच्या, आधारानं सुधारणा करतो. सिलिकेटमध्ये थोडे जड धातू असतील तर तो छान चालतो. जड धातू एक-दोन टक्क्यांच्या वर गेले की खाणकामाचा मोड घ्या, तो मूलभूत गणितानं शोषणाचा हिशेब करतो. एकाच साठ्यातल्या गारगोटीच्या आणि सल्फाइडच्या नमुन्यांना कधी कधी वेगळे मोड लागतात.

आकड्याआधी स्पेक्ट्रम

यंत्र आकडा नेहमीच देतं. तो कुठल्या शिखरावरून आला हे पाहणं आपलं काम.

सर्वांत महत्त्वाची जोडी आर्सेनिक आणि शिसं. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४, शिशाची १०.५५. ही दोन शिखरं वेगळी होतच नाहीत. सॉफ्टवेअर शिशाची दुसरी रेषा १२.६१ला मोजतं, त्यावरून पहिलीतला शिशाचा वाटा काढतं आणि उरलेलं आर्सेनिकच्या नावावर टाकतं. शिसं थोडं असेल तर हे ठीक. पण गॅलेना (शिशाचं सल्फाइड) असलेल्या नमुन्यात शिसं २००० पीपीएम आणि आर्सेनिक ५० असेल, तर शिशाच्या मोजणीतली दोन टक्क्यांची चूकसुद्धा आर्सेनिकला पार झाकून टाकते. अशा वेळी आर्सेनिकची ११.७३ची दुसरी रेषा उठलेली दिसते का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. दिसत नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका, तो नमुना आयसीपीला (नमुना द्रावणात उतरवून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवा.

सोन्याच्या रकान्यात काही आलंच तर तीन गोष्टी तपासा. ८.६४ला जस्ताचं मोठं शिखर आहे का? असेल तर जस्ताची ९.५७ची रेषा सोन्याच्या जागेत सांडलेली असते. ८.४०ला टंगस्टन आहे का? आणि ११.४४ला सोन्याची दुसरी रेषा आहे का? खरं सोनं असेल तर ती पहिलीच्या तोडीची असायला हवी, जरा लहान, पण स्पष्ट. ती नसेल तर सोनं नाही. सोबत आर्सेनिक भरपूर असेल तर त्याची ११.७३ची रेषा या जागेवरही आक्रमण करते, म्हणून सॉफ्टवेअरच्या रंगवलेल्या शिखरावर न जाता मूळ रेघ पाहा.

लोखंड जास्त असलं की आणखी दोन फसवे पाहुणे येतात. त्याची ७.०६ची रेषा कोबाल्टच्या ६.९३वर चढते आणि नसलेला कोबाल्ट दिसतो. शिवाय दोन लोखंडी किरण डिटेक्टरमध्ये एकाच क्षणी शिरले तर १२.८०ला खोटं शिखर उठतं, शिशाच्या दुसऱ्या रेषेच्या अगदी शेजारी. डिटेक्टरवर ताण जास्त असेल तर नळीचा करंट कमी करा. गंधकाची २.३१ आणि शिशाची २.३५ ही जोडीही लक्षात ठेवा, गॅलेनाच्या नमुन्यात गंधकाचा आकडा संशयानंच वाचायचा.

कॅलिब्रेशन आणि पडताळणी

कारखान्यातलं कॅलिब्रेशन तुमच्या खडकासाठी केलेलं नसतं. आपल्या साठ्यातले पंधरा-वीस नमुने निवडा, अगदी कमीपासून अगदी जास्त आर्सेनिकपर्यंत, आणि त्याच पुडीचा एक भाग चांगल्या प्रयोगशाळेत आयसीपीसाठी द्या. एक्सआरएफचे आकडे एका अक्षावर, प्रयोगशाळेचे दुसऱ्यावर मांडून रेषा काढा आणि तिच्या उतारानुसार सुधारणा करा. एखादाच खूप मोठा नमुना सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतो आणि सहसंबंध खोटाच सुंदर दिसतो. तो एक नमुना काढून रेषा पुन्हा काढा. उतार फार बदलला तर मधल्या प्रमाणाचे आणखी नमुने लागतील. गारगोटीच्या शिरा आणि सल्फाइडचे पट्टे यांच्या रेषा वेगळ्या ठेवा.

रोजच्या कामात सुरुवातीला यंत्र तापू द्या, ऊर्जेची तपासणी करा. मग साधारण दर वीस नमुन्यांत एक प्रमाणित मानक नमुना, एक कोरा आणि एक दुबार नमुना घाला. कोरा म्हणजे शुद्ध गारगोटी, आणि तीही तुमच्याच भांड्यात दळलेली. बाटलीतून थेट कपात ओतलेली वाळू यंत्र स्वच्छ आहे एवढंच सांगते, दळणं स्वच्छ आहे की नाही हे सांगत नाही. दुबारही पुडीच्या नव्या भागापासून तयार करा. तोच कप दोनदा मोजला की फक्त यंत्राची स्थिरता कळते. मानक नमुन्याचे आकडे तारखेप्रमाणे आलेखावर टिपत जा. सलग अनेक दिवस ते एकाच बाजूला सरकू लागले तर फिल्मवर किंवा यंत्राच्या खिडकीवर धूळ बसली आहे का हे आधी पाहा, मग डिटेक्टरवर शंका घ्या.

निकाल लिहिताना

शोधमर्यादेखालच्या जागी शून्य लिहू नका. 'शोधमर्यादेपेक्षा कमी' असं लिहा आणि ती मर्यादा किती तेही द्या. मर्यादेच्या तिपटीपर्यंतचे आकडे 'आहे' एवढं सांगतात, 'किती' हे नाही. ४७.३८ पीपीएमसारखे दशांश गाळून ४७ लिहा. प्रत्येक ओळीत मोड, वेळ, फिल्टर, कप की पेलेट, कोणतं भांडं, एवढं तरी असावंच.

आणि फायर असेसाठी नमुने निवडताना फक्त जास्त आर्सेनिकवालेच पाठवू नका. आर्सेनिक कमी असलेलेही काही पाठवा, कारण गारगोटीत मोकळं सोनं असलेल्या शिरांमध्ये सल्फाइड जवळजवळ नसतंच. त्या शिरांबद्दल एक्सआरएफ गप्पच बसतं. काही नमुन्यांचं फायर असे आलं की आर्सेनिक, अँटिमनी, टंगस्टन यांतला कोणता साथीदार तुमच्या साठ्यात सोन्याबरोबर चढतो-उतरतो ते दिसेल, आणि पुढच्या खेपेला कुठल्या रकान्याकडे आधी पाहायचं ते ठरेल. उरलेली पूड क्रमांक लिहून हवाबंद डब्यात जपून ठेवा. सल्फाइडची पूड दमट हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होते, तेव्हा फेरमोजणी करायची तर ती लवकर करा.